यंत्रबुद्धीची भाकिते : शास्त्र किती, श्रद्धा किती ?

गतवर्षी दिवाळीच्या पाडव्यास वहीपूजन आटोपल्यावर आमच्या पेढीचे दिवाणजी एक विनंती घेऊन माझ्याजवळ आले. त्यांचे वय आता साठीस टेकले आहे. धाकटे चिरंजीव बी. कॉम. झाले आहेत, त्यांस हाताखाली घ्यावे आणि दोन वर्षांत जागा त्यांच्या स्वाधीन करून आपण मोकळे व्हावे, असे त्यांच्या मनात होते. एकतीस वर्षांच्या सेवेनंतर केलेली ही पहिलीच मागणी मी तत्काळ मान्य करणार, तोच संगणकशास्त्र शिकणारा माझा नातू मध्येच म्हणाला, "आजोबा, त्यांना उगीच गुंतवू नका. आणखी तीन-चार वर्षांनी हे काम यंत्रच करील. २०२९ पर्यंत यंत्र माणसाइतके बुद्धिमान होणार, हे आता शास्त्राने ठरून गेले आहे." दिवाणजी काही बोलले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून ते उठून गेले.

मुलगा गैर हेतूने बोलला नव्हता. परंतु "शास्त्राने ठरून गेले आहे" हे शब्द माझ्या मनास लागून राहिले. एका कुटुंबाच्या भाकरीचा निर्णय ज्या भाकितावर करावयाचा, ते भाकीत शास्त्र आहे की श्रद्धा, एवढे तरी आपणांस पारखता आले पाहिजे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. तथापि नातवाच्याच मदतीने गेले काही महिने या विषयाचे जे वाचन झाले, ते संघाच्या बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे. असा प्रश्न आज पुष्कळांच्या घरी उभा आहे, हे मी जाणतो.

भाकीत हा शब्द आपणां धान्य-व्यापाऱ्यांस नवा नाही. आपला सारा धंदा पावसाच्या अंदाजावर उभा आहे. आपल्या देशात मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा सरकारी अंदाज १८८६ साली निघाला. त्या वेळचे हवामानखात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी तो हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून बांधला होता. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले व त्यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील हवेचा दाब व तपमान यांचा आपल्या पावसाशी असलेला संबंध आकड्यांनी शोधून काढला. या सर्व खटाटोपास मी शास्त्र म्हणतो. का म्हणतो, हे २००२ सालच्या एका उदाहरणाने सांगतो.

त्या वर्षी खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगितले होते. त्या अंदाजाची पद्धत सोळा कारणांच्या गणितावर आधारलेली होती, आणि १९८८ पासून एक तपाहून अधिक काळ देशाचा पाऊस तिच्या म्हणण्याप्रमाणे सर्वसाधारण होत आला होता. २००२ च्या जुलै महिन्यात मात्र नेहमीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. आपल्यापैकी अनेकांना ते वर्ष आठवत असेल. चूक मोठी होती. परंतु ती लपविता येण्याजोगी नव्हती, कारण अंदाज आकड्यात दिलेला होता, त्यास मुदत होती, आणि मोजणारी पर्जन्यमापके अंदाज करणाऱ्याच्या मर्जीवर चालत नव्हती. पुढच्याच वर्षी खात्याने ती सोळा कारणांची पद्धत मोडीत काढून नवी आणली. अंदाज चुकल्याने शास्त्राचा मान जात नाही. चुकीची नोंद करण्याचे टाळले म्हणजे जातो.

आपल्या पूर्वजांच्या मुदती हुंडीचे हेच तत्त्व होते. हुंडीवर रक्कम असे, मुदत असे, आणि ती कोणाच्या पेढीवर वटावयाची त्याचे नाव असे. "आज ना उद्या बरेच पैसे मिळतील" असा कागद कोणी आणला असता तर त्यास हुंडी म्हणून कोणी हातही लाविला नसता. यंत्रबुद्धीविषयीची भाकिते मी याच मापाने तपासावयास घेतली.

त्यांतील सर्वांत जुने आणि सर्वांत चोख भाकीत गॉर्डन मूर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचे. संगणकाच्या सिलिकॉनच्या एका चकतीवर किती विद्युत्-घटक बसविता येतात, याची मागील काही वर्षांची आकडेवारी त्यांनी एप्रिल १९६५ मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकात मांडली, आणि ही संख्या दरवर्षी दुप्पट होत जाऊन १९७५ साली ६५,००० होईल असे सांगितले. येथे रक्कम आहे आणि मुदतही आहे. वाचताना एका गोष्टीने मला विशेष आनंद झाला. मूर यांनी आलेखाच्या उभ्या रेषेवर घटकांची संख्या न मांडता, ती संख्या दोनाचा कितवा घात आहे ते मांडले होते. नवव्या शतकातील आचार्य वीरसेनांची 'धवला' ही टीका, जी मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपली गेली, तिच्यात या कल्पनेस 'अर्धच्छेद' असे नाव आहे : एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते तितके तिचे अर्धच्छेद. ६४ चे अर्धच्छेद ६, ६५,५३६ चे १६; मधले अंतर १०, म्हणजे वर्षाला एक दुप्पट याप्रमाणे दहा वर्षे. मूर यांचे सारे भाकीत एवढेच आहे. १९७५ साली त्यांनी स्वतःच हिशेब पुन्हा पाहिला व यापुढे दुप्पट होण्यास एकाऐवजी दोन वर्षे लागतील अशी दुरुस्ती केली. यास 'मूरचा नियम' म्हणतात; परंतु तो गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गाचा नियम नव्हे. कारखानदारांनी तो उद्दिष्ट म्हणून डोळ्यांपुढे ठेवला आणि अब्जावधींचे भांडवल ओतून तो खरा करून दाखविला, हेही त्याच्या यशाचे एक कारण आहे.

दुप्पट होत जाणाऱ्या मालाचे काय होते हे धान्यवाल्यास कोणी शिकविण्याचे कारण नाही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही कथा सर्वांनी ऐकलेली आहे. मी ती काट्यावर घालून पाहिली. आमच्याकडील गव्हाचे हजार दाणे ४० ग्रॅम भरले. त्या हिशेबाने सोळा घरांपर्यंत सारे मिळून अवघे २ किलो ६०० ग्रॅम होतात, चोवीस घरांपर्यंत पावणेसात क्विंटल, आणि बत्तीस घरे, म्हणजे अर्धा पट भरता भरता, सुमारे १७१ टन. दहा टनी सतरा ट्रक. येथवर रविवार पेठेतील व्यापारी मंडळी मिळून सोय करू शकतील. चोपन्नाव्या घरापर्यंत मात्र बेरीज ७२ कोटी टनांवर जाते. साऱ्या जगात वर्षाला पिकणारा गहू साधारण ८० कोटी टन आहे. म्हणजे पंचावन्नावे घर भरण्यास पृथ्वीवर गहूच नाही. गणित चौसष्ट घरांपर्यंत बिनचूक जाते. कोठार पंचावन्नाव्यास संपते.

संगणकाच्या बाबतीत एक कोठार असेच संपलेले आहे. यंत्राचा ठोका, म्हणजे एका सेकंदात ते किती वेळा चालते, तो वेग वर्षानुवर्षे झपाट्याने वाढत होता. २००४-०५ च्या सुमारास उष्णता आवरेना म्हणून तो जवळजवळ जागीच थांबला. कारखानदारांनी मग एकाऐवजी अनेक गाभे शेजारी शेजारी बसविण्याचा दुसरा मार्ग काढला, व प्रगती चालू राहिली. म्हणजे एक कोठार संपल्याने धंदा बुडतोच असे नाही, आणि दुसरे कोठार मिळेलच अशी हमी गणित देत नाही.

आता खऱ्या वादाच्या स्थळी येऊ. मूर यांनी घटक मोजले होते. घटकांवरून बुद्धीकडे झेप घेतली ती इतरांनी. त्याच १९६५ साली आय. जे. गुड या इंग्रज गणितज्ञाने असा युक्तिवाद मांडला की, माणसाहून अधिक बुद्धिमान असे एक यंत्र तयार झाले की ते स्वतःहून अधिक चांगले यंत्र बनवील, ते त्याहून चांगले, आणि अशा रीतीने बुद्धीचा जणू स्फोट होईल. विसाव्या शतकाच्या आत असे यंत्र निर्माण होण्याचा संभव अधिक आहे, असेही त्यांचे मत होते. ते शतक संपले. १९९३ साली व्हर्नर विंज या गणिताच्या प्राध्यापकाने तीस वर्षांत माणसाहून श्रेष्ठ बुद्धी निर्माण करण्याचे साधन हाती येईल असे लिहिले. ही गोष्ट २००५ पूर्वी किंवा २०३० नंतर घडल्यास आपणांस आश्चर्य वाटेल, असेही त्यांनी म्हटले होते. २००५ साली रे कर्झवाइल यांनी आपल्या ग्रंथात २०२९ साली मानवी बुद्धीची बरोबरी आणि २०४५ साली मानवी इतिहासाचे रूपच पालटणारा क्षण, अशा तारखा दिल्या. माझ्या नातवाच्या तोंडचे २०२९ हे साल येथून आलेले आहे.

या मंडळींहून आधीचे हर्बर्ट सायमन हे पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे मोठे विद्वान. दहा वर्षांत यंत्र बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवील, असे ते १९५७ साली म्हणाले. यंत्राने जगज्जेत्या कास्पारॉव्ह यांस हरविले ते १९९७ साली; दहाच्या जागी चाळीस वर्षे लागली. मनुष्य करू शकतो ते कोणतेही काम वीस वर्षांत यंत्र करील, असे १९६५ चे त्यांचे दुसरे भाकीत. त्याची मुदत १९८५ साली संपली. त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, सर जेम्स लाइटहिल यांनी ब्रिटिश सरकारास दिलेल्या अहवालात या क्षेत्राची आश्वासने पुरी झाली नसल्याचे स्पष्ट सांगितले, व तेथील संशोधनाचा पैसा आटला.

या ठिकाणी माझ्या मनात प्रश्न उभा राहिला तो असा. मुदत टळल्यावर हे लोक काय करतात ? अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस जगाच्या अंताचा म्हणून धरला होता. दिवस नेहमीसारखा मावळला. काहींनी श्रद्धा सोडली. काहींनी सांगितले की घटना घडली आहेच, पण ती स्वर्गात घडली, डोळ्यांस दिसणार नाही. यंत्रबुद्धीच्या भाकितकारांस सरसकट त्यांच्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु जेथे तारीख टळताच 'बुद्धी' या शब्दाचा अर्थच थोडा सरकविला जातो, तेथे वळण तेच दिसते. गुड यांच्या युक्तिवादात बुद्धी हा शब्द क्विंटलसारखा वापरला आहे, जणू दोन पोती बुद्धी असली की चार करता येतात. ते माप कोणत्या काट्याचे, हे कोणी सांगितलेले मला आढळले नाही.

एवढे वाचून "मग हे सारे थोतांडच" असे कोणी म्हणेल, तर त्यासही मी अडवीन. नाकारणाऱ्यांचीही एक श्रद्धा असते. ह्यूबर्ट ड्रायफस हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यंत्रबुद्धीचे मोठे टीकाकार. त्या काळच्या यंत्रांच्या बुद्धिबळातील दुबळेपणावर त्यांनी कडक लिहिले होते. १९६७ साली एका संगणकाशी ते स्वतः खेळावयास बसले आणि हरले. 'गो' हा चिनी पटाचा खेळ यंत्रास आणखी दहा वर्षे तरी जमणार नाही असे जाणकार म्हणत असतानाच, मार्च २०१६ मध्ये सोल येथे यंत्राने ली सेडॉल यांस पाच डावांपैकी चार डावांत हरविले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले, त्यांपैकी हसाबिस व जम्पर यांस ते प्रथिनांची घडण ओळखणाऱ्या यंत्रबुद्धीसाठीच मिळाले. "यंत्राला हे कधीच जमणार नाही" या वाक्यासही मुदत नसते. म्हणून तेही हुंडीच्या मापात बसत नाही.

सांप्रतच्या काळात तर काही शुद्ध शास्त्रीय मोजमापे हाती आली आहेत. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की यंत्राचा आकार, त्यास पुरविलेला मजकूर आणि गणनेचा खर्च वाढवीत गेले असता, पुढचा शब्द ओळखण्यातील त्याची चूक एका ठराविक नियमाने कमी होत जाते. हा नियम पुष्कळ मोठ्या पल्ल्यावर टिकला. तो तपासता येतो आणि खोटा ठरविताही येतो. यास मी निःशंकपणे शास्त्र म्हणतो. मात्र व्यापाऱ्याने त्याची दुसरी बाजूही पाहावी. चूक जरा जरा कमी करण्यासाठी खर्च पटीपटीने वाढवावा लागतो. आणि नियम बोलतो तो शब्द ओळखण्याच्या चुकीविषयी. अमुक चूक झाली म्हणजे यंत्र दिवाणजी होईल, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

मार्च २०२५ मध्ये एका संशोधन-संस्थेने वेगळेच माप काढले. माणसास जे काम करण्यास अमुक वेळ लागतो, तितक्या लांबीचे काम यंत्र निम्म्या वेळा तरी यशस्वी रीतीने पुरे करते काय ? ही लांबी सहा वर्षे दर सात महिन्यांनी साधारण दुप्पट होत आली, असे त्यांना आढळले. ही कामे बहुतेक संगणकाच्या आज्ञावलींची होती, आणि दहापैकी पाच वेळा चुकणाऱ्या माणसास मी पेढीवर ठेवणार नाही, हे खरे. तथापि वाढ खरी आहे आणि मोजलेली आहे. माझ्या नातवाचे म्हणणे या आकड्यांपुरते मी मान्य केले.

त्याचे व माझे बिनसले ते रेघ पुढे ओढण्यावर. येथे मला माझी एक फजिती सांगणे भाग आहे. २०१५ साली तुरीचे भाव कसे चढले हे आपण सर्वांनी पाहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात मी मागील दीड वर्षाचे भाव वहीत एकाखाली एक लिहून काढले, रेघ पुढे ओढली, आणि सरकारी साठा-मर्यादेच्या आत राहून जितकी घेता येईल तितकी तूर नऊ हजारांच्या आसपास भरली. माझे आकडे खरे होते. परंतु तेच चढे भाव पाहून शेतकऱ्यांनी देशभर तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि पुढच्या सुगीत बाजार सरकारच्या ५,०५० च्या हमीभावाखाली गेला. ज्या तेजीवरून मी रेघ ओढली होती, तिनेच ती रेघ मोडली. त्या मालातील तोटा भरून काढण्यास आम्हांस तीन वर्षे लागली, आणि त्यांपैकी एका वर्षी दिवाणजींनी आपण होऊन पगारवाढ घेतली नाही.

यंत्रबुद्धीच्या रेघेसही तिची अशी कोठारे आहेत : वीज, चकत्यांचे कारखाने, माणसांनी लिहून ठेवलेला मजकूर, आणि भांडवलदारांचा धीर. यांपैकी कोणते केव्हा अपुरे पडेल, किंवा पडणारच नाही, हे मागच्या आकड्यांतून निघत नाही. जे स्वतः हे काम करतात त्यांच्यातही किती अनिश्चितता आहे ते पाहा. २०२३ च्या अखेरीस २,७७८ संशोधकांस विचारण्यात आले की, साहाय्यावाचून प्रत्येक काम माणसाहून चांगले व स्वस्त करणारे यंत्र केव्हा होईल. निम्मी शक्यता त्यांनी एकंदरीत २०४७ सालास दिली; एकच वर्ष आधीच्या पाहणीत हेच उत्तर २०६० होते. आणि सारे व्यवसाय पूर्णपणे यंत्राकडे केव्हा जातील, असा प्रश्न फिरवून विचारला, तेव्हा उत्तर २११६ आले. प्रश्नाच्या शब्दांनी जे उत्तर एकोणसत्तर वर्षे सरकते, ते जाणत्यांचे मत म्हणून ऐकावे. मोजमाप म्हणून वहीत चढवू नये.

उलटपक्षी, ज्यांनी स्वतःस तारखेने बांधून घेतले त्यांचा मान ठेवला पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये काही अमेरिकन अभ्यासकांनी 'एआय २०२७' या नावाचे, महिन्यामहिन्यांची घटनावली देणारे भाकीत प्रसिद्ध केले. मला ते अतिरंजित वाटते. परंतु ते मुदतीची हुंडी आहे, आणि ती वटली की परत गेली हे सर्वांस दिसेल. जेफ्री हिंटन यांचेही असेच. २०१६ साली ते म्हणाले होते की क्ष-किरण-चित्रे वाचणारे नवे डॉक्टर शिकविणे आताच थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगले काम करील. पाच वर्षे गेली, नऊ गेली. अमेरिकेत त्या डॉक्टरांना आजही मागणी आहे, आणि आपण जरा सरसकट बोललो हे हिंटन यांनी पुढे कबूल केले. त्यांनाच २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, तेव्हा माणूस लहान नव्हे. पण त्यांच्या शब्दावरून २०१६ साली ज्या कोणा विद्यार्थ्याने तो अभ्यासक्रम सोडला असेल, त्याची वर्षे कोणी परत देणार नाही.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. पोत्यात पोकळ सळई खुपसून वरचा, मधला व तळचा नमुना काढावा, तसे या भाकितांचे केले, तर वरच्या थरास मोजमाप लागते, ते चांगल्या प्रतीचे आहे. मधल्या थरास मागच्या आकड्यांवरून ओढलेली रेघ लागते, तो सौदा जोखमीचा पण प्रामाणिक आहे. तळाशी मात्र "बुद्धी बुद्धीस वाढवील व मग सर्व काही पालटेल" हा विश्वास आहे, आणि त्यास शास्त्राचा शिक्का नाही. विश्वास बाळगण्यास कोणाची हरकत नसावी. तक्रार आहे ती तिन्ही थर एकाच भावाने विकण्याची, व मुलांनी ते एकाच भावाने घेण्याची.

दिवाणजींच्या चिरंजीवांस मी पेढीवर घेतले. यंत्रबुद्धीची हिशेबाची साधनेही आणली असून ती चालविणे त्यांनीच शिकावयाचे ठरले आहे. नातू रविवारी येऊन शिकवितो. पुढे यंत्राने हे काम खरोखरच घेतले तर काय, हा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या पगाराची रक्कम मी त्यांच्या नावे वेगळी टाकून ठेवली आहे, एवढेच.

नातवाची व माझी समजूत अशी पटली की भाकिते वहीत लिहावीत. एका जुन्या लाल बासनातील कोरी वही काढली व २०२९ च्या दिवाळी-पाडव्याची मुदत घालून नोंदी केल्या. पहिली : पेढीचा वर्षाचा हिशेब व जीएसटीची सर्व विवरणपत्रे माणसाने एकही आकडा दुरुस्त न करता यंत्र पुरी करील, नातू 'होय', मी 'नाही'. दुसरी : ज्वारीचा नमुना पाहून यंत्राने सांगितलेला भाव देणारा व घेणारा दोघेही तक्रारीवाचून मान्य करतील, नातू 'होय', मी 'नाही'. तिसरी : आमच्या गल्लीतील चौदा पेढ्यांपैकी निम्म्यांहून अधिक पेढ्यांवर दिवाणजी उरणार नाहीत, येथे नातू थोडा घुटमळला व 'नाही' म्हणाला, आणि मी मात्र 'होय' लिहिले, कारण आजच त्यांतील पाच पेढ्यांवर ते नाहीत. चौथी नोंद, यंत्र माणसाइतके बुद्धिमान होईल, ही त्याची आवडती. पण ते झाले की नाही हे पाडव्यास कोणी, कशाने व कसे मोजावयाचे यावर दोन तास बोलूनही आमचे एकमत झाले नाही. नोंदी दिवाणजींच्या चिरंजीवांनी आपल्या अक्षरात लिहिल्या. चौथ्या आकड्यापुढची ओळ त्यांनी कोरी ठेवली आहे. मोजमाप सापडले की भरू, असे नातू म्हणतो.